सरळ रेषेला वीस गुण

त्या दिवशी प्रयोगशाळेत काचेचं भांडं फुटलं तेव्हा छत्तीस पोरं किंचाळली. माझी स्वतःची मुलगी तेवढी किंचाळली नाही.

मी हर्षला शेटे, नववीला विज्ञान शिकवते. ओजस्वी माझ्याच वर्गात आहे, खिडकीकडच्या दुसऱ्या टेबलावर बसते. सोडियमचा तुकडा पाण्यात टाकायचा साधा प्रयोग, अठरा वर्षं दरवर्षी करत आलेय. त्या दिवशी गप्पांच्या नादात तुकडा मोठा कापला, चूक माझीच. धडाम् झालं, काचा उडाल्या, पोरं टेबलांखाली घुसली. सगळ्यांना चष्मे घालायला लावले होते म्हणून डोळे वाचले, नाहीतर मी आज तुरुंगात असते.

धूर विरला आणि मी पोरं मोजायला लागले. ओजू आपल्या जागेवर बसून आकृतीला नावं देत होती. डाव्या हातात, कोपराच्या खाली, बोटभर लांब काच घुसली होती. रक्त वहीवर ठिबकत होतं आणि पोरगी वही जरा तिरकी करून कोरड्या जागेवर लिहीत होती.

मी ओरडले, अगं हात बघ. तिने हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो बाई, दिसलं मला. एवढं एक नाव राहिलंय, ते लिहिते."

शिक्षकाच्या पोराने शाळेत आईला बाई म्हणायचं, अहोजाहो करायचं, हा आमच्याकडचा अलिखित नियम, त्यामुळे त्याचं मला काही वाटलं नाही. पण माझे हात कापत होते आणि तिची पेन्सिल कापत नव्हती. फळ्याशेजारी वर्गाचा पडदा आहे, त्यावर प्रत्येक मुलाची रेषा दिसते. छत्तीस रेषा छताला टेकल्या होत्या. सदतिसावी पट्टीने आखल्यासारखी सरळ होती. मागून कोणीतरी म्हणालं, ओजूला वीसपैकी वीस, आणि दोघंतिघं हसले.

खोटं कशाला बोलू, तिच्या हातातून रक्त वाहत असताना क्षणभर मला अभिमान वाटला.

आता ही रेषा म्हणजे काय भानगड ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाईचं डोकं फिरलंय. दोन हजार सदतीसच्या जूनमध्ये आमच्या शाळेत धीरपट्ट्या आल्या. शाळेचं नाव सांगत नाही, तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे. करंगळीएवढी रुंद पट्टी, मनगटाला बांधायची. तिच्या आतल्या बाजूला बारीक जाळी असते, ती घामातलं कॉर्टिसॉल मोजते, आणि एक हिरवा दिवा नाडीच्या दोन ठोक्यांमधलं अंतर मोजतो. धोका दिसला की मेंदू मूत्रपिंडांवर बसलेल्या दोन छोट्या ग्रंथींना निरोप धाडतो. त्या कॉर्टिसॉल सोडतात. काळीज धडधडतं, तळवे ओले होतात, पोटात ढवळतं. वाघ आला तर पळायला हे सगळं हवंच. पण शरीराला वाघ आणि गणिताचा पेपर यांतला फरक कळत नाही. पट्टी या सगळ्याची मिळून एक रेषा काढते, आणि रेषा चढायला लागली की मनगटावर हलकी थरथर देते. त्या तालावर चार मोजेपर्यंत श्वास आत घ्यायचा, सहा मोजेपर्यंत सोडायचा. सावकाश सोडलेल्या श्वासाने नाडी मंदावते. हे शरीरशास्त्र आहे, यात मंत्रतंत्र काही नाही.

आणि पट्टी चांगली होती, हेही सांगितलं पाहिजे. तन्मय भिसे नावाचा मुलगा आहे, दर गुरुवारी त्याचं पोट दुखायचं. आईने सगळी चूर्णं, सगळे काढे करून पाहिले होते. जुलैमध्ये मी त्याला शेजारी बसवून त्याची रेषा दाखवली. ती चढायची इंग्रजीच्या तासाला. त्या तासाला हजेरीच्या क्रमाने उभं राहून धडा वाचायचा असतो. त्याचा क्रमांक नऊ. पाचवा मुलगा उभा राहिला की याची रेषा चढायला सुरुवात. पोरगं पडद्याकडे बघत राहिलं आणि म्हणालं, "म्हणजे बाई, मी आजारी नाहीये. मी नुसता घाबरतो." आणि असा मोकळा हसला की मला भरून आलं. आम्ही क्रमाने वाचणं बंद केलं, तीन आठवड्यांत त्याचं पोट दुखायचं थांबलं.

इथेच थांबलो असतो तर.

ऑगस्ट उजाडला आणि पोरं कंटाळली. श्वास घ्या म्हटलं की खिदळायची, पट्टी दप्तरात टाकून द्यायची. मला संताप आला. इतकं चांगलं यंत्र हातात आहे आणि ही कार्टी टिवल्याबावल्या करतायत. आपल्याकडे ज्याला गुण नाहीत ते कोणी करत नाही. पोरं करत नाहीत, आईबाप करत नाहीत आणि शिक्षक तर नाहीतच. म्हणून शिक्षकांच्या सभेत मी उभी राहिले आणि म्हणाले, अंतर्गत मूल्यमापनात धीराला वीस गुण ठेवा. दुसऱ्या कोणी नाही, मीच. मुख्याध्यापक जगदाळे सरांनी टेबलावर थाप मारली, म्हणाले, शेटेबाई, हे आधी का सुचलं नाही. गुणांचा तक्ताही मीच करून दिला. रेषा जितकी सपाट, तितके गुण जास्त. सपाट रेषा म्हणजे चांगली रेषा, असं कोणत्या पुस्तकात लिहिलंय, हे सभेतल्या एकानेही विचारलं नाही. विज्ञानाची बाई मी, मीही नाही.

मग काय, दर शनिवारी फळ्यावर यादी. दिवाळीनंतर एस.टी. स्टँडसमोर बोर्ड लागला, धीर क्लासेस, सपाट रेषेची हमी. तिथे पोरांना ओळीने बसवून त्यांचेच खोटे निकाल मोठ्याने वाचायचे. अमुक नापास, तमुक नापास, तुझ्या आईने अन्न सोडलंय. ज्याची पट्टी थरथरली त्याच्यावर पुन्हा पहिल्यापासून. मला हे कळलं होतं. मी म्हटलं, जरा अतीच करतायत, आणि वह्या तपासायला बसले.

आमच्या ओजूला असल्या क्लासची गरज नव्हती. सप्टेंबरपासून यादीत पहिलं नाव तिचं. मी स्टाफरूममध्ये सांगितलं, नणंदेला फोन करून सांगितलं, हळदीकुंकवाला गेले तिथेही सांगितलं. तिला रोज निघताना एकच वाक्य बोलायची, बाईची मुलगी आहेस, सगळे तुझ्याकडे बघतात, घसरू नकोस. ती मान डोलवायची. ती वादच घालत नाही, किती गुणाची पोर, असं मी जगाला सांगत सुटले होते. वर्षभरापूर्वी ही पोर भाजीत कोथिंबीर कमी पडली तरी भांडायची.

तर त्या दिवशी हाताला सात टाके पडले. टाके घालतानाही तिने हूं की चूं केलं नाही. माझे यजमान विक्रांत, गुरांचे सरकारी डॉक्टर, वाड्यावस्त्यांवर मोटरसायकलने हिंडतात, ते संध्याकाळी घरी आले. मी त्यांना सगळं रंगवून सांगितलं, पोरगी कशी वाघीण आहे ते. त्यांनी पायातले बूट काढता काढता ऐकलं. मग म्हणाले, "हर्षला, सुई टोचल्यावर जे वासरू लाथ मारत नाही ना, त्याचा मी आधी ताप बघतो."

माझं डोकंच फिरलं. पोरीला वासरू म्हणता, तुम्हाला तिचं कौतुकच नाही, नाही नाही ते मी बोलले. त्यांनी माझा फोन घेतला, त्यावरही रेषा दिसते, आणि तिची रेषा मागे सरकवत गेले, जानेवारी, डिसेंबर, नोव्हेंबर. एका ठिकाणी थांबून त्यांनी विचारलं, सकाळी उठल्यावर सगळ्या जनावरांत हे वर जातं, माणसातही जायला हवं, हिचं कुठंय? मी पाहिलं. ऑगस्टमध्ये रोज सकाळी एक चढ होता. सप्टेंबरमध्ये तो बुटका झाला. दसऱ्यानंतर नव्हताच. मी गुण देताना शाळेच्या वेळेतली रेषा बघत होते, सकाळची कोण बघतो.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याला डॉक्टर शमा इनामदार म्हणून मुलांच्या डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ओजूला तपासलं, रक्त घेतलं, वजन पाहिलं. पाच किलो उतरलं होतं, आणि रोज तिला ताट वाढणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं. मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. भीती ही शरीराची घंटा असते. घंटा वाजावी, काम झाल्यावर थांबावी, म्हणजे शरीर शाबूत आहे. पण एखाद्या पोराची घंटा महिनोन्महिने, दिवसभर, न थांबता वाजत राहिली, तर शेवटी शरीर तिची वायरच काढून टाकतं. मग कॉर्टिसॉल वर जातच नाही, ना सकाळी, ना धोक्याला. वायर एकटी घंटेचीच तुटत नाही. भूक जाते, हसू जातं, सर्दी महिनाभर हटत नाही, दुखलेलं दुखत नाही. अशी पोरं रस्त्यावर गाडी समोर आली तरी बाजूला होत नाहीत, इतकं त्या शांतपणे म्हणाल्या.

मी म्हटलं, पण डॉक्टर, ती तर कधी घाबरलेलीच नव्हती.

डॉक्टरांनी ओजूला विचारलं, तुला हे केव्हापासून जाणवतंय. ओजू म्हणाली, दसऱ्यापासून. आधी खूप धडधडायचं, रात्रंदिवस. मग एक दिवस सगळं थांबलं. आता काहीच वाटत नाही, भूकही नाही.

मी तिचा खांदा धरला. अगं मग मला सांगितलं का नाहीस?

ती माझ्याकडे वळली. दवाखान्यात, सुट्टीच्या दिवशी, अंगावर घरचा फ्रॉक, आणि मला म्हणाली, "बाई, तुम्ही किती खूश होता."

मला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. विक्रांत उठून खिडकीपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. ती चुकून बोलली असेल म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. आपण वेगळं काही बोललो हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

शाळेत परत आल्यावर मी सगळ्या शाळेच्या गुणांची यादी काढून बसले. अठराच्या वर गुण असलेली एकतीस मुलं. प्रत्येकाची सकाळची रेषा उघडून पाहिली. बावीस मुलांना सकाळचा चढ नव्हता. मी पुन्हा मोजलं, बावीसच. आम्ही सहा महिने जी गुणवत्ता यादी लावत होतो ती आजारी पोरांची यादी होती, आणि वरच्या क्रमांकाचं पोर सगळ्यात जास्त आजारी होतं.

जगदाळे सर म्हणाले, तुमचं बरोबर असेल, पण यादीतल्या मुलांचा गौरव समारंभ पंधरा दिवसांवर आलाय, पत्रिका वाटून झाल्यात, समारंभानंतर बघू. मी ऐकलं नाही. त्या एकतीस पोरांच्या पालकांना मीच निरोप धाडले आणि शनिवारी सकाळी त्यांना वर्गात बसवून डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. बावीस नावं वाचली. पहिलं माझ्या मुलीचं वाचलं, म्हणजे कोणाला वाटू नये की बाई दुसऱ्यांच्या पोरांना नावं ठेवते. तक्ता मी केला, चूक माझी, हेही सांगितलं. वाचताना मला रडू आवरेना.

मला वाटलं, आता हे मला फाडून खातील, आणि खरं तर मला तेच हवं होतं.

मग एक गृहस्थ उभे राहिले. त्यांचा मुलगा यादीत चौथा होता. त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं, "म्हणजे बाई, आता यादी उलटी लागणार का? वर जाणाऱ्या रेषेला गुण असतील तर तसा क्लास लावतो."

मला वाटलं ते कुचेष्टा करतायत. पण त्यांनी खिशातून पेन काढलं होतं, लिहून घ्यायला. त्यांच्या मागे एक आई हात जोडून उभी राहिली. तिचं म्हणणं, मुलीच्या मामांना, आत्यांना समारंभाची आमंत्रणं गेली आहेत, तेवढं नाव समारंभापर्यंत राहू द्या, मग लगेच दवाखान्यात नेते. आणि खोलीतली बाकीची डोकी हलली, हो हो, तेवढं करा. बावीस मुलांचे आईबाप, आणि आजारी पोराला आज न्यायचं की दहा दिवसांनी यावर चर्चा चालली होती. मी त्यांच्यावर ओरडले. काय बोलले ते धड आठवत नाही. फळ्यावरची यादी फाडली तेवढं आठवतं. सोमवारी मला मेमो मिळाला.

गुण बंद झाले ते माझ्या शहाणपणाने नाही. डॉक्टर इनामदारांनी वर लिहिलं, तपासणी झाली, आणि समारंभाच्या आदल्या दिवशी मांडव उतरला. क्लासचा बोर्डही गेला. त्या बावीसपैकी एकोणीस पोरं आता औषधपाण्याला लागली आहेत. तिघांचे पालक अजून माझ्याशी बोलत नाहीत.

ओजूची पट्टी डॉक्टरांनी काढू दिली नाही. गुणांसाठी नाही, वाट बघण्यासाठी. तिला शाळेत न पाठवता घरी भरपूर झोपू द्या, खेळू द्या, काहीही विचारू नका, आणि रेषेवर लक्ष ठेवा. वायर पुन्हा जोडली जाईल तेव्हा पहिली भीतीच परत येईल, आणि ती आली की मला पेढे द्या, असं त्या म्हणाल्या होत्या. मी रजा टाकत नव्हते, मेमोनंतर रजा मागायची लाज वाटत होती. पण शाळेत प्रत्येक तासानंतर फोन काढून बघायची. फेब्रुवारी गेला, रेषा मेल्यासारखी पडून होती. मार्चचे दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी घरी पोचून चपला काढल्या, फोन पाहिला आणि मी ओरडलेच. रेषेला चढ आला होता. चांगला उभा, खराखुरा चढ. विक्रांत गोठ्यात कुठेतरी होते, त्यांना फोन लावला, ते तिथेच खाली बसले म्हणे. डॉक्टर फोनवर हसल्या. मी ओजूला काही बोलले नाही, विचारू नका सांगितलं होतं ना, नुसता शिरा केला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चढ आला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. रविवारी मी माहेरी गेले होते, तेव्हा मात्र दिवसभर काही नाही. सोमवारी परत दोन चढ. मी विज्ञानाची बाई, मला वेळा लिहून ठेवायची सवय आहे. एका कागदावर लिहिल्या. सकाळी साडेसहा. संध्याकाळी पाच पन्नास. संध्याकाळी पाच अठ्ठेचाळीस. सकाळी साडेसहा. सकाळी साडेसहाला घरात दुसरं काही होत नाही, मी तिला हाक मारते. आणि पाच पन्नासला मी फाटक उघडते.

घंटा झाली तरी मी तासाला गेले नाही.

त्या संध्याकाळी घरी आले आणि आत गेले नाही. फाटकाबाहेर उभी राहिले, एका हातात फोन. रेषा सपाट होती. फाटकाच्या कडीला हात लावला, कडी वाजली, आणि माझ्या डोळ्यांदेखत रेषा उठली. हात काढला, रस्त्यापर्यंत मागे गेले, उभी राहिले. मिनिटभराने ती हळूहळू उतरली. मी परत गेले, परत कडी वाजवली. ती परत उठली, आधीपेक्षा उंच. तिसऱ्यांदा करायची माझी हिंमत झाली नाही. पेपर नव्हे, यादी नव्हे, प्रयोगशाळेतला स्फोटही नव्हे. पोरीच्या अंगात भीती परत आली होती आणि ती मला बघून येत होती.

मी पायरीवर बसले. थोड्या वेळाने खिडकीचा पडदा सरकला. ओजूने विचारलं, "आत का येत नाहीयेस?"

विचारायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण मला राहवलं नाही. मी मान वर न करता म्हटलं, "ओजू, तुला माझी भीती वाटते का गं?"

फोनवरची रेषा चढत राहिली. त्या पोरीची रेषा मी इतकी वर कधी पाहिली नव्हती. मला वाटलं, आता उठावं आणि सांगावं, नको, राहू दे, काही बोलू नकोस. तेवढ्यात ती म्हणाली,

"हो."

आणि तिचा आवाज फुटला. किती महिन्यांनी मी तिला रडताना ऐकत होते. माझी नजर फोनवर होती, कारण तिच्याकडे बघायची माझी लायकी नव्हती. आणि मी पाहिलं की हो म्हटल्यावर रेषा उतरायला लागली होती. सावकाश, जशी उतरायला हवी तशी.

मी आत गेले नाही. बऱ्याच वेळाने दार उघडलं, ती बाहेर आली, आणि पायरीवर माझ्यापासून हातभर अंतर ठेवून बसली.